शाळेच्या पायरीवरचा पालक

ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळ्याकडे जाताना एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर दिसतो. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत कारखाने, वसाहती, चाळी, झोपड्या आणि शाळा एकमेकांना खेटून उभ्या राहिल्या. रात्रपाळी आटोपून परतणारा कामगार आणि पाठीवर दप्तर घेऊन निघालेले त्याचे मूल यांची गाठ सकाळी पुष्कळदा याच रस्त्यावर पडते. बाप घरी झोपायला जातो, मूल शाळेत जाते आणि त्या शाळेची फी भरता यावी म्हणून संध्याकाळी बाप पुन्हा कामावर जातो. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांच्या परिचयाचा हा दिनक्रम आहे.

या कामगाराचे त्या शाळेशी नाते काय? तो तिचा आश्रयदाता आहे, भागीदार आहे, की केवळ गिऱ्हाईक? प्रश्न आजचा असला तरी त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

रबाळे हे मूळचे खाडीकाठचे गाव. आगरी आणि कोळी समाजाची वस्ती, भातशेती, मासेमारी आणि मिठागरे हा या साऱ्या किनाऱ्याचा संसार. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी जाऊ लागल्या. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात ५ आंदोलकांचा बळी गेला. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

जमिनीच्या मोबदल्याची ही कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. शाळेची कथा मात्र कमी सांगितली जाते. नव्या शहराच्या आराखड्यात शाळांसाठी भूखंड राखून ठेवले गेले आणि शिक्षणसंस्थांना ते सवलतीच्या दराने देण्यात आले. गावांत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आल्यावर पुढे त्या शाळा महापालिकेकडे आल्या. अशा रीतीने दोन प्रकारच्या शाळा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीत फी नव्हती आणि इंग्रजीही बेताचीच होती. दुसरीत दोन्ही होत्या. ज्याची जमीन शहराला गेली, त्या भूमिपुत्राच्या नातवाला आणि ज्याचे श्रम कारखान्याला गेले, त्या कामगाराच्या मुलाला दुसऱ्या शाळेची पायरी चढायची तर खिसा चाचपून पाहावा लागे.

‘खाजगी शाळा’ हा शब्द पूर्वी असा कानाला खुपत नसे. वुड यांच्या १८५४ च्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली आणि लोकांनी काढलेल्या शाळांना सरकारी तिजोरीतून साहाय्य मिळू लागले. मिशनरी संस्था, समाजसुधारक, जातिसंस्था, गावकरी यांनी शाळा काढल्या. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. मुंबईत व पुण्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी आणि विविध धर्मभगिनींच्या संघांनी शाळा चालविल्या. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. या सर्व शाळा कायद्याच्या भाषेत खाजगीच होत्या. पण त्या समाजाच्या होत्या. रयतेच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. ज्या घरातून ती मूठ गेली, त्या घराला शाळा परकी कशी वाटावी?

आपल्या ख्रिस्ती गावांतील चित्र फारसे वेगळे नव्हते. पोर्तुगीज अमदानीपासून चर्चच्या आवारातील शाळेत लेखन-वाचनाबरोबर संगीताचे धडे दिले जात. पुढच्या काळातही अनेक गावांत चर्चशेजारीच शाळा असे. तिच्या कौलांचा खर्च लोक उचलत, मास्तर सर्वांच्या ओळखीचा असे आणि मुलाची तक्रार रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवरच बापाच्या कानी जाई.

तथापि, त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्या शाळांपर्यंत पोहोचणारी मुले थोडी होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात नेमके या दुखण्यावर बोट ठेवले होते. शेतकऱ्यांच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याचे मूल अक्षरशत्रू राहते, हा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची घोषणा केली. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक नामंजूर झाले. संविधानाच्या मूलभूत हक्कांत शिक्षणाला स्थान मिळायला २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली आणि तो हक्क देणारा कायदा प्रत्यक्षात १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर १२८ वर्षे लोटली होती.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके अनुदानित शाळांची होती. शिक्षकांचा पगार सरकार देई, इमारत संस्थेची असे. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना फीमाफी मिळू लागली. ‘ई.बी.सी.चा फॉर्म’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. या काळात पालकावर फीचा भार हलका होता. पण त्याला शाळेत आवाजही नव्हता. मुख्याध्यापकांच्या खोलीत तो पादत्राणे बाहेर काढून जाई आणि ‘सर म्हणतील तसे’ एवढे बोलून परत येई. त्या आदरात प्रेम होते, तसेच भयही होते.

त्यानंतर काळ पालटला. सरकारचा हात आखडू लागला आणि १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शालेय शिक्षणातही विनाअनुदानाचे वारे शिरले. देणगी घेऊन प्रवेश देण्याचा प्रकार इतका फोफावला, की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी फी अवैध ठरविली आणि पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य केला. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात खाजगी विनाअनुदानित संस्थांना आपली फी ठरविण्याची मोकळीक मिळाली. मात्र नफेखोरी चालणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. शिक्षण हा धर्मादाय व्यवहार की व्यापार, हा वाद न्यायासनापुढे पोहोचला होता. तिकडे घराघरात त्याचा निकाल आधीच लागून गेला होता.

तो निकाल कोणी लावला? दोष केवळ संस्थाचालकांच्या माथी मारणे सोपे आहे. रबाळ्याच्या कारखान्यात हेल्परचे काम करणाऱ्या माणसाने पाहिले होते, की साहेबाच्या खुर्चीकडे जाणारी वाट इंग्रजीतून जाते. आपले मूल त्या वाटेने जावे, ही त्याची इच्छा लोभाची नव्हती. मराठी शाळा सोडून तो इंग्रजी शाळेकडे वळला तो मातृभाषेच्या द्वेषापोटी नव्हे. दुसरीकडे, अनुदान नसलेल्या शाळेला शिक्षकांचा पगार, इमारतीची डागडुजी, प्रयोगशाळा हे सारे फीमधूनच भागवावे लागते. पंचवीस टक्के राखीव जागांची प्रतिपूर्ती सरकारकडून वेळेवर मिळत नाही, ही संस्थांची तक्रारही खोटी नाही. दोन्ही बाजूंना अडचण आहे. परंतु अडचणीतली दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, की त्यांच्यामध्ये पावतीपुस्तक तेवढे उरते.

धर्मग्रामातील घरांतून जे अनुभव कानी येतात, ते याच अबोल्याचे आहेत. शाळांची नावे घेण्याचे येथे प्रयोजन नाही. कोठे गणवेश आणि वह्या ठरावीक दुकानातूनच घ्याव्या लागतात. कोठे फी थकली म्हणून चिठ्ठी पालकाला न देता भर वर्गात मुलाच्या हातात दिली जाते आणि ते मूल दिवसभर मान वर करीत नाही. कोठे आईला इंग्रजी येत नाही, म्हणून पालकसभेत मूलच दुभाष्या होते. बाई काय रागावल्या, ते आईला सांगताना ते अर्धे गाळून टाकते. राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलाला सहलीच्या दिवशी कळते, की शिक्षण मोफत असले तरी सहल मोफत नसते. हे अपमान लहान दिसतात. पण मुलाच्या मनात ते फार दिवस राहतात.

याच घरांतून दुसरीही गोष्ट ऐकू येते. शाळा सुटल्यावर थांबून कच्च्या मुलांना शिकविणारी बाई, गुपचूप कोणाची तरी फी भरून टाकणारे सर, आणि घरातील पहिला पदवीधर होऊन शाळेत पेढे घेऊन आलेला विद्यार्थी. अशा शिक्षकांमुळेच शाळा अजून शाळा राहिली आहे.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीने शाळांची दारे बंद झाली, तेव्हा हे नाते अक्षरशः कसोटीला लागले. कारखाने थांबले, पगार कापले गेले आणि एका मोबाइलवर दोन-तीन भावंडांचे वर्ग भरू लागले. फीचा तगादा मात्र थांबला नाही. ३ मे २०२१ रोजी राजस्थानातील शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फीमध्ये १५ टक्के सूट देण्यास सांगितले आणि फी थकली म्हणून कोणा विद्यार्थ्याला वर्गापासून दूर ठेवू नये, असेही म्हटले. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याच धर्तीवर १५ टक्के कपातीचा आदेश काढला. पण जे दोन माणसांनी समोरासमोर बसून मिटवायचे, ते न्यायालयाला सांगावे लागले, याचे वाईट वाटते.

समोरासमोर बसण्याची तरतूद तर कायद्यातच आहे. महाराष्ट्राने २०११ साली शैक्षणिक शुल्क विनियमनाचा कायदा केला आणि २०१४ पासून तो अमलात आला. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. त्याच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून सदस्य निवडले जातात आणि व्यवस्थापनाने फीवाढीचा प्रस्ताव नवे वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे ज्या पालकाला मुख्याध्यापकांच्या खोलीत जायला भीती वाटे, त्याला कायद्याने खुर्ची दिली आहे. ती खुर्ची पुष्कळदा रिकामी राहते. काही शाळा सूचना उशिरा लावतात, हे खरे. आणि काही पालक रजा बुडेल म्हणून येत नाहीत, हेही खरे.

आता आपल्या घरातील गोष्ट. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हक्क दिला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा वैध ठरविताना विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने सर्वच अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याबाहेर गेल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा, असे सुचविले. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. हा हक्क दुर्बलांना कवच म्हणून मिळाला. ते कवच पांघरून आपण दुर्बलांनाच दाराबाहेर ठेवू लागलो, तर हक्क शाबूत राहील आणि त्याचा अर्थ निघून जाईल.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबतीत सुस्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे म्हटले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९६ वे कलम तर शिक्षकांना सांगते, की त्यांनी पालकांशी निकट सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे आपुलकीने ऐकावे आणि पालकांच्या सभा-संघटना स्थापून त्यांना मान द्यावा. महाराष्ट्राच्या कायद्याने पालकाला खुर्ची दिली, त्याच्या ३१ वर्षे आधी आपल्या धर्मसंहितेने ती मांडून ठेवली होती.

तेव्हा वाचकहो, पुढच्या पालकसभेची सूचना आली, की एक दिवसाचा खाडा पडला तरी जावे. शेजारच्या झोपडीतील आईला बरोबर न्यावे आणि तिला समजेल अशा मराठीत तिच्या मुलाची प्रगती सांगायला शिक्षकांना विनंती करावी. शाळा चालविणाऱ्यांनी फीची चिठ्ठी मुलाच्या हाती देऊ नये. बापाला बोलवावे, बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि मग हिशेब काढावा. धर्मग्रामाने वर्षातून एका रविवारचे दान अशा थकलेल्या फीसाठी बाजूला ठेवले, तर जुन्या काळची ती मूठभर धान्याची रीत पुन्हा सुरू होईल. रबाळ्याच्या खाडीकाठावरचे मीठ गेले, भातशेती गेली. तेथील मुलांच्या वाट्याला आता शाळा तेवढी उरली आहे. ती त्यांना परकी वाटू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.