बत्तिस्ता स्फोर्झा: संगमरवरातला शांत चेहरा

आजचा एपिसोड एका चेहऱ्याबद्दल आहे.

इटलीत फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो म्युझियममध्ये एका बाईचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. पापण्या झुकलेल्या, ओठ मिटलेले, गाल इतके गुळगुळीत की एक सुरकुती सापडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, किती निवांत आयुष्य असेल हिचं!

आता जरा हिशोब मांडूया. ही बत्तिस्ता स्फोर्झा, जन्म १४४६चा. १४६० मध्ये, जेमतेम चौदाव्या वर्षी, तिचं लग्न उर्बिनोच्या फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रोशी झालं. तो तिच्याहून सुमारे चोवीस वर्षांनी मोठा. त्याचा धंदा म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या लढाया लढणं. साहेब मोहिमेवर गेले की उर्बिनोचा कारभार कोण बघणार? लॅटिन शिकलेली ही मुलगीच. आणि हे सगळं बाळंतपणं सांभाळून. मुलींमागून मुली झाल्या, मग जानेवारी १४७२ मध्ये मुलगा, ग्विदोबाल्दो. जूनमध्ये फेदेरिकोने व्होल्तेरा शहर जिंकलं. जुलैमध्ये बत्तिस्ता गेली. वय फक्त सव्वीस!

फ्रान्चेस्को लाउरानाने हा पुतळा घडवला तो ती गेल्यानंतर. मृत चेहऱ्यावरून घेतलेला साचा त्याच्यासमोर असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. हे कळल्यावर त्या झुकलेल्या पापण्या वेगळ्याच दिसायला लागतात, नाही का?

फ्लॉरेन्समध्येच, उफिझी म्युझियममध्ये, पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने रंगवलेलं या नवरा-बायकोचं जोडचित्र आहे. त्याच्या मागच्या बाजूला दोघांसाठी लॅटिन ओळी आहेत. त्याच्यासाठी वर्तमानकाळ, तिच्यासाठी भूतकाळ. म्हणजे एका क्रियापदावरून कळतं की ती आता नाही. आणि तिची कीर्ती कशामुळे? तर नवऱ्याच्या पराक्रमामुळे, असं त्या ओळी म्हणतात!

म्हणून मला वाटतं, असा पुतळा बघताना 'किती सुंदर' म्हणून पुढे सरकू नये. त्या काळात थोर घरच्या बाईची प्रतिमा म्हणजे संयम, शालीनता, शांतपणा. लाउरानाने ते अप्रतिम घडवलं, वादच नाही. पण ज्या बारा वर्षांत तिने राज्य सांभाळलं, त्यांची एक रेघही त्या गालांवर नाही. ती आपल्याला कागदपत्रांतच शोधावी लागते.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!