फोर्ट्रान : आवृत्तिबदल व यंत्रसुसंगती

संगणकाने करावयाच्या कृतींची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली होय. एका यंत्रासाठी किंवा भाषेच्या एका आवृत्तीत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर किंवा नव्या आवृत्तीत फेरफाराविना चालून तेच उत्तर देत असेल, तर त्या गुणास सुसंगती म्हणतात.

हा प्रश्न महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उद्‌भवला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीतील प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला. त्याचा शब्द ४८ अंकांचा व आज्ञासंच निराळा होता. साहजिकच टिफ्रॅकच्या आज्ञासंचात लिहिलेले काम नव्या यंत्रास जसेच्या तसे उपयोगी नव्हते. गणिताची रीत तीच असली, तरी आज्ञावली नव्याने लिहिणे भाग होते.

या श्रमांवर फोर्ट्रान भाषा हा उपाय होता. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आयबीएम ७०४ या यंत्रासाठी १९५७ मध्ये सिद्ध केली. तीत सूत्रे बीजगणितासारखी लिहिता येत व त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर भाषांतरक करी. प्रत्येक यंत्रासाठी वेगळा भाषांतरक केला की तीच आज्ञावली सर्वत्र चालावी, अशी अपेक्षा होती. ती अंशतःच सफल झाली. १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीतील काही यंत्रविशिष्ट आज्ञा चौथ्या आवृत्तीत (१९६२) वगळण्यात आल्या. त्यामुळे जुन्या आज्ञावल्यांच्या रूपांतरासाठी सिफ्ट नावाची स्वतंत्र आज्ञावली वापरावी लागली. शिवाय ३६ अंकांच्या शब्दात सहा अक्षरे मावत, तर ४८ अंकांच्या शब्दात आठ. म्हणून अक्षरे साठविणाऱ्या आज्ञावल्या यंत्र बदलताच दुरुस्त कराव्या लागत.

१९६६ मध्ये अमेरिकेत फोर्ट्रानचे प्रमाणीकरण झाले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्ट्रान ७७ या प्रमाणकाने अक्षरांसाठी स्वतंत्र प्रकार दिला आणि पुनरावृत्तीच्या आज्ञेचा अर्थ निश्चित केला. आरंभीचे मूल्य अंतिम मूल्याहून मोठे असल्यास पूर्वीचे बहुतेक भाषांतरक ती कृती एकदा करीत. नव्या नियमानुसार ती एकदाही होत नसे. असा बदल विशेष धोक्याचा असतो. वगळलेली आज्ञा आढळताच भाषांतरक थांबतो व चूक लक्षात येते; परंतु अर्थ बदललेली आज्ञा विनातक्रार चालते आणि उत्तर मात्र निराळे येते.

या अनुभवानंतर पुढील प्रमाणकांत सावधगिरी बाळगण्यात आली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्ट्रान ९० मध्ये फोर्ट्रान ७७ पूर्णतः सामावून घेण्यात आली. कालबाह्य होऊ घातलेल्या घटकांची नोंद मात्र स्वतंत्रपणे करण्यात आली व त्यांपैकी काही फोर्ट्रान ९५ मध्ये वगळण्यात आले. आधी सूचना व मग त्याग या क्रमामुळे वापरणाऱ्यांना दुरुस्तीस अवधी मिळाला आणि विज्ञान व अभियांत्रिकीतील अनेक दशकांपूर्वीच्या आज्ञावल्या नव्या यंत्रांवरही उपयोगात राहू शकल्या.