पहिलं पाऊल, पहिली चप्पल



मागच्या महिन्यात आमच्या बचतगटाच्या बैठकीत हिशेब बाजूला राहिला आणि भांडण लागलं ते एका जोडीवरून. गटातल्या एका ताईंनी नातीला म्हशाच्या जत्रेतून बूट आणले होते. गुलाबी, चालताना शिट्टी वाजणारे, टाचेत दिवे लागणारे. नात तेरा महिन्यांची, नुकतीच भिंत सोडून चालायला लागलेली. बूट घातले की ती जागच्या जागी बसून रडायची, काढले की दुडुदुडू पळायची. पाय पाहिला तर टाचेला फोड आला होता आणि बूट दोन बोटं मोठे होते. का, तर "वाढतं अंग आहे, वर्षभर पुरतील."

गटातल्या एक आजी म्हणाल्या, "आम्ही सगळा जन्म अनवाणी काढला, काय झालं? काढून टाका ते." पोरीची आई म्हणाली, "बाहेर काचा, खडी, तापलेला डांबरी रस्ता. अनवाणी कशी सोडू? आणि लोक काय म्हणतील, पोरीला साधी चप्पल नाही?"

दोघींचंही थोडं थोडं खरं होतं. कुणाचं किती खरं ते शोधायला आम्ही बसलो, तेव्हा लक्षात आलं की लेकराच्या पायातल्या एवढ्याशा जोडीमागे केवढा मोठा इतिहास उभा आहे. तोच आज तुम्हाला सांगतो.

आधी आजींचं बघू. आजी अनवाणी राहिल्या त्या हौसेनं नाही. जुन्या गावगाड्यात वहाणा करायचे ते चांभार. बारा बलुतेदारांतले ते एक. मोट शिवायची, चामड्याचं काम करायचं, शेतकऱ्याला वहाणा करून द्यायच्या आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य घ्यायचं. पण त्या वहाणा कुणासाठी? शेतात, काट्याकुट्यांत जाणाऱ्या कर्त्या पुरुषासाठी. बाईला क्वचित, आणि लेकराला तर नाहीच. लेकराचा पाय दर दोन-तीन महिन्यांनी वाढतो, त्याच्यासाठी चामडं कोण घालवणार?

आणि ज्यांना वहाण मिळायची, त्या सगळ्यांना ती पायात ठेवायची मुभा नव्हती. कितीतरी गावांत दलितांना वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्यांनी ढोराचं कातडं कमावलं, ज्यांनी जोडा शिवला, त्यांच्याच पायांना ही बंदी! सुनांचंही तसंच. आमच्या आजी सांगतात, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना पहिली चप्पल मिळाली. तीही चावडीपुढून जाताना काढून पदराखाली धरायची, कारण चावडीवर मोठी माणसं बसलेली. म्हणजे आपल्याकडे चप्पल ही नुसती पायात घालायची वस्तू नव्हती. कुणाचा मान किती, हे त्या चपलेवरून ठरायचं.

याचा एक दाखला आपल्या कल्याणचाच आहे. 31 मार्च 1865 रोजी कल्याणात जोश्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट औषधपाणी मिळालं नाही, हे दुःख तिच्या मनात राहिलं. पुढे ती अमेरिकेला गेली आणि 1886 साली डॉक्टर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय.

पण अमेरिकेला जाण्याआधी मुंबईच्या रस्त्यावर त्यांचं काय झालं, ते शाळेत फारसं सांगत नाहीत. 1883 साली बंगालमध्ये श्रीरामपूर इथं केलेल्या भाषणात त्यांनी ते स्वतः सांगितलं. रस्त्यानं जाताना लोक भोवती गोळा व्हायचे, हसायचे, ओट्यावर बसलेली भली माणसंसुद्धा काहीबाही बोलायची, खडे मारायची. काशीबाई कानिटकर या त्यांच्याच काळातल्या लेखिका. पुढे त्यांनीच आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. या दोघी पायात जोडे घालून आणि हातात छत्री धरून बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्यावर दगड आले, असं स्त्रियांच्या चळवळीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. जोडा आणि छत्री ही पुरुषाच्या मानाची चिन्हं, ती बाईनं घेतलीच कशी, हा राग.

तेव्हा मैत्रिणींनो, आज आपली पोर पायात चप्पल घालून अंगणाबाहेर पडते, ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी कुणीतरी दगड खाल्लेत. पोरीच्या आईला "लेकीला चप्पल हवीच" असं वाटलं, त्यामागे हा सगळा जुना अपमान आहे. आम्ही त्याला हसलो नाही.

आता दुसरी बाजू. अनवाणी राहून "काय झालं?" असं आजी विचारतात. खरं तर पुष्कळ झालं, फक्त कशामुळे झालं ते तेव्हा कळत नव्हतं.

अंकुशकृमी नावाचा एक जंत आहे. उघड्यावर शौचाला बसलं की त्याची अंडी मातीत जातात, ओल्या मातीत अळ्या होतात, आणि अनवाणी पायाच्या कातडीतून त्या थेट अंगात शिरतात. नंतर आतड्याला चिकटून रक्त पितात. जंत कातडीतून शिरतो हे आधी कुणी मानायला तयार नव्हतं. 1898 च्या सुमारास इजिप्तमध्ये कैरो इथं लूस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर चुकून अळ्यांचं पाणी सांडलं, हात लाल होऊन खाजला, आणि पुढे त्याच्या स्वतःच्या पोटात जंत निघाले. तेव्हा वाट सापडली. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब शेतकऱ्यांची पोरं फिकी, सुस्त, अभ्यासात मागे असायची. लोक त्यांना आळशी म्हणायचे. 1909 पासून तिथं मोठी मोहीम झाली, तेव्हा दिसलं की शंभरातल्या चाळीसेक जणांच्या पोटात हा जंत आहे. उपाय तीन: औषध, संडास आणि पायात जोडा.

आपल्याकडेही पावसाळा चार महिन्यांचा, माती ओली. "पोर फिकी दिसते, माती खाते, तिच्या अंगात रक्त नाही," असं आपण अंगणवाडीत किती वेळा ऐकतो! म्हणून घरात संडास हवा, बाहेर पायात काहीतरी हवं, आणि जंताची गोळी चुकवायची नाही. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या आसपास अंगणवाडीत आणि शाळेत गोळी देतात. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी गोळी, तीही चुरडून, पाण्यात कालवून.

चप्पल हवी हे ठरलं. पण कसली? इथं बाजार मधे येतो, आणि बाजाराचाही इतिहास आहे.

बाटा ही कंपनी परदेशातली. 1930 नंतर तिनं कलकत्त्याजवळ कारखाना काढला, त्या वस्तीला बाटानगर म्हणतात. आपल्या देशातले बहुतेक लोक तेव्हा अनवाणी. त्यांना बूट विकायचे कसे? 1938 च्या तिच्या एका जाहिरातीत धनुर्वाताची भीती घातलेली आहे: छोटी जखमही घातक, म्हणून बूट घाला. धनुर्वात खरा, भीतीही खरी. पण त्याच्यावरचं खरं संरक्षण लसीत आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीत ते असतं, आणि 16 ते 24 महिन्यांत बूस्टर डोस द्यावा लागतो. नेमकं याच वयात लेकरू चालायला लागून खिळ्या-काट्यांवर पाय द्यायला लागतं. बूट घेतले आणि बूस्टर राहिला, तर काम अर्धवटच झालं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. 1920 नंतर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बुटांच्या दुकानांत एक्स-रेचं यंत्र आलं. लेकरानं त्यात पाय ठेवायचा, वरून आईनं आणि दुकानदारानं बघायचं, बुटात बोटं कुठवर आली ते. मुलांना गंमत वाटायची, पुन्हा पुन्हा पाय ठेवायची. एक्स-रेचे किरण वाढत्या हाडांना घातक, हे ओळखून ती यंत्रं बंद व्हायला 1950 नंतरचा काळ उजाडला. जे काम आईच्या अंगठ्यानं दाबून होतं, त्यासाठी एवढा धोका पत्करला! म्हणून दिव्यांच्या आणि शिट्टीच्या बुटांकडे बघताना आम्हाला ते यंत्र आठवलं. दुकानातली गंमत वेगळी आणि पायाची गरज वेगळी.

पायाची गरज काय, ते आपल्या देशातल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलंय. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरचे डॉक्टर राव आणि डॉक्टर जोसेफ यांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पायांचे ठसे घेतले. 1992 साली ते छापून आलं. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याची मुलं शंभरात साडेआठच्या वर, अनवाणी मुलांत तीनाहून कमी. सगळ्यांत जास्त पुढून बंद बुटांत, त्याहून कमी सँडल-चपलांत. तळव्याची कमान तयार होते ती पाय मोकळा राहिला, बोटांनी जमीन धरली की. म्हणजे आजींचं इथं अगदी बरोबर निघालं! मात्र एक-दीड वर्षाच्या लेकराचा तळवा सपाट दिसला म्हणून घाबरू नका. त्या वयात तळव्याला चरबी असते, कमान हळूहळू पुढच्या काही वर्षांत येते.

तर आमच्या बैठकीत ठरलं ते असं. घरात, ओट्यावर, सारवलेल्या स्वच्छ अंगणात लेकरू अनवाणी. चालायला शिकायची खरी शाळा तीच. अंगणाच्या बाहेर, रस्त्यावर, बाजारात, संडासाच्या वाटेवर पायात चप्पल किंवा बूट. लेकराला अजून चालता येत नसेल तर बुटांची गरजच नाही. बूट घातल्यानं ते लवकर चालत नाही. दीड वर्ष झालं तरी चालत नसेल, तर बुटांच्या दुकानात न जाता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आता घ्यायचे कसे ते सांगतो. ठाण्याचा जांभळी नाका असो, डोंबिवलीचा फडके रोड असो की मुरबाडचा आठवडी बाजार, रीत एकच.

संध्याकाळी लेकराला कागदावर उभं करा आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा. बसवून नाही, उभंच, कारण भार पडला की पाय पसरतो. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा. कागद कापून दुकानात न्या आणि बुटाच्या तळावर ठेवा. सगळ्यांत लांब बोटापुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. त्याहून कमी असेल तर बोटं दुमडतात, जास्त असेल तर लेकरू ठेचकाळतं आणि टाच घासून फोड येतो.

मग बूट हातात घेऊन वाकवा. चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. वजनाला हलका, तळाला खाचा, टाच उंच नको, पुढची जागा रुंद. मागून टाच धरणारा पट्टा हवाच. नुसती सपाता घातली तर लेकरू ती पडू नये म्हणून बोटं आवळून चालतं. शेवटी लेकराला दुकानात चार पावलं चालवून बघा. त्याला सांगता येत नाही, पण चप्पल चावत असेल तर ते चालीतून दिसतं. दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा घ्या. म्हणून महाग जोडी नकोच, साधी आणि मापाची घ्या. मोठ्या भावंडाचे झिजलेले बूट घालताना जपा, त्यांना त्या पायाचं वळण पडलेलं असतं.

पावसाळ्यात धुता येतील, लवकर वाळतील असे सँडल बरे. ओला मोजा आणि बंद बूट यांत बोटांच्या बेचक्या कुजतात. साचलेल्या पाण्यात मात्र कुठलीच चप्पल कामाची नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात कल्याण-बदलापूर पाण्याखाली गेलं, आणि त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. अशा पाण्यातून लेकराला कडेवर घ्या. आणि गावाकडच्या आयांनो, बूट घालण्याआधी उलटे करून झटका. कोकणपट्टीचा तांबडा विंचू लहान मुलाच्या जिवावर उठतो, आणि त्याला अंधारा बूट फार आवडतो.

त्या गुलाबी बुटांचं काय झालं, विचाराल. जत्रेतले, परत कोण घेणार? ताईंनी ते फळीवर ठेवले, नातीचा पाय वाढेल तेव्हा बघू म्हणाल्या. पोरीला पट्ट्याचे साधे सँडल आले. माप घ्यायला आजीच वाकल्या होत्या. कागदावर तो इवलासा पाय उमटला तेव्हा म्हणाल्या, "माझ्या पायाचं माप कुणी कधी घेतलं नव्हतं." बैठकीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आम्ही दुसरा कागद घेतला आणि आजींना त्यावर उभं केलं.

पुढच्या बैठकीला तुम्हीही कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन या. लेकीचं माप घ्या, लेकाचं घ्या आणि घरात अनवाणी म्हातारी असेल तर तिचंही घ्या.