जन्माने मोकळा

बाभुळगावच्या बाजारात एखाद्याला भोळाभाबडा म्हटलं, तर त्याच्या आईची चौकशी कोणी करत नाही. इंग्रजीतल्या ‘इन्जेन्युअस’चं तसं नाही. मनात कपट नसलेला, पोटातलं ओठावर येणारा, हा त्याचा आजचा अर्थ. पण ज्या लॅटिन ‘इन्गेनुउस’वरून तो आला, तो थेट जन्मावर बोट ठेवतो.

त्याचा पक्का पुरावा वेरोनाच्या ग्रंथालयात मिळाला. १८१६ साली इतिहासकार नीबूर याला तिथे संत जेरोमच्या पत्रांची एक चर्मपत्रांची पोथी दिसली. पत्रांच्या ओळींखाली आणखी पुसट अक्षरं होती. जुना मजकूर खरवडून त्यावर पत्रं उतरवली होती. तो मजकूर म्हणजे दुसऱ्या शतकातल्या गायस या रोमन कायदेपंडिताचं पाठ्यपुस्तक. त्यात स्वतंत्र माणसांचे दोन वर्ग केलेत: जन्मतःच स्वतंत्र तो इन्गेनुउस, गुलामीतून सुटलेला तो लिबर्टिनुस.

सम्राट जस्टिनियनचा ५३३ सालचा ‘डायजेस्ट’ हा कायदेसंग्रह याहून बोलका आहे. सम्राटाने सोन्याची अंगठी घालायचा हक्क दिला, की सुटलेला गुलाम इन्गेनुउससारखा वावरू शके. जुन्या धन्याचे हक्क मात्र कायम. तेही मिटवायचे तर सम्राटाने त्याला ‘जन्म परत’ द्यायचा, म्हणजे तो जन्मतःच स्वतंत्र होता असं मानायचं! ५३९ मध्ये जस्टिनियनने सगळ्याच सुटलेल्यांना हे दोन्ही देऊन टाकलं.

जन्माचा हा शब्द स्वभावाला कसा चिकटला? सिसेरोच्या लेखनात तो उमद्या, खुल्या मनासाठीही येतो. ‘डायजेस्ट’मध्ये यातना देऊन जबाब घेण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, गुलामाचा जबाब सहसा तसाच घेत. माझ्या मते मेख इथे आहे. पाठीवर फटका पडायची भीती नाही, त्यालाच मोकळं बोलणं परवडतं. मग तेच त्याचा सद्गुण म्हणून मिरवलं जातं. पेशवे दफ्तरातले कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीचे कागद ज्यांनी चाळलेत, त्यांना हे नवं वाटणार नाही.

जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. आधी मनाचा मोकळेपणा, मग जन्माचा. १७६७ मध्ये व्होल्तेअरने ‘लँजेन्यू’ लिहिलं. त्याचा नायक ह्युरॉन लोकांत वाढलेला. मनात येईल ते बोलतो आणि बास्तीयच्या तुरुंगात जातो. इंग्रजीत आता उलटा शब्दच अधिक कानावर येतो, ‘डिसइन्जेन्युअस’: वेड पांघरून पेडगावला जाणारा.