शुष्क रक्तबिंदू चाचणी

गाळणकागदाच्या कार्डावर वाळवलेल्या रक्ताची प्रयोगशाळेत होणारी तपासणी. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी नवजातांच्या तपासणीसाठी ती रूढ केली. बाळाला एचआयव्हीची लागण झाली आहे का, हेही तिने कळते. एचआयव्हीबाधित आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबता येत नाही; सहाव्या आठवड्यापासून थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधावा लागतो. टाचेला टोचून कार्डावरची वर्तुळे भरतात, कार्ड उन्हापासून दूर किमान चार तास वाळवतात आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत बंद करतात. कार्ड प्रयोगशाळेकडे पाठवायला बर्फाची पेटी लागत नाही. भारतात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही पद्धत आली. पुण्याच्या पूर्वीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत अशा तपासण्या होत आल्या आहेत. कार्डच पाठवता येत असल्याने बीडसारख्या जिल्ह्यात बाळाला दूर न्यावे लागत नाही, ही मोठीच सोय. मात्र निकाल येईपर्यंत आईवडील ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले असले, तर त्यांना गाठून उपचार सुरू करणे हेच खरे अवघड काम ठरते.