मटाराएवढं जस्त आणि जहाजातली टाकी

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. जहाजावर शौचालय असतं. त्याचं मैलापाणी एका टाकीत साठवतात. ही टाकी पुष्कळदा धातूची असते आणि ती आतून गंजते. ती गंजू नये म्हणून काय करायचं, हा आजचा प्रश्न. त्याच्या उत्तराचा निम्मा भाग २०० वर्षांपूर्वी सापडला होता आणि त्याची परीक्षा आपल्या कोचीनला बांधलेल्या एका सागवानी जहाजावर झाली होती. पण वर्षभरातच ते उत्तर टाकून दिलं गेलं. असं का झालं, ते आज पाहू.

सुरुवात लाकडी जहाजांपासून करू. उष्ण समुद्रात टेरेडो नावाचा एक जीव असतो. तो जहाजाच्या तळाचं लाकूड पोखरतो आणि त्याची चाळण करून टाकतो. शिवाय तळाला शेवाळ आणि शंखशिंपल्यांचे थर चढतात. जहाज जड होतं, वेग घटतो. यावर ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये एक उपाय करून पाहिला. ‘अलार्म’ नावाच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि जहाज वेस्ट इंडीजला पाठवलं. ते परत आलं तेव्हा लाकूड शाबूत होतं आणि तळ स्वच्छ होता. मात्र पत्रे ज्यावर बसवले होते, ते लोखंडी खिळे गंजून खलास झाले होते.

तपासणीत एक गंमत दिसली. तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते. काही ठिकाणी तो कागद काढायचा राहून गेला होता आणि खिळा व पत्रा यांच्यामध्ये अडकला होता. नेमके तिथले खिळे चांगले होते. म्हणजे लोखंडाचा शत्रू एकटं समुद्राचं पाणी नव्हतं. समुद्राच्या पाण्यात तांब्याला चिकटून बसणं, हे त्याच्या नाशाचं कारण होतं. ही गोष्ट १७६३ची. तेव्हा बॅटरीचा शोधही लागलेला नव्हता. त्यामुळे ‘काय’ होतंय ते कळलं, ‘का’ होतंय ते कळलं नाही. आरमाराने लोखंडी खिळ्यांऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरायला सुरुवात केली आणि १७८०च्या सुमाराला जवळजवळ सगळ्या आरमाराचे तळ तांब्याने मढवले गेले.

पुढची तक्रार आली ती तांब्याबद्दलच. महागामोलाचे पत्रे काही वर्षांत झिजून जात होते. १८२३ मध्ये आरमाराच्या अधिकाऱ्यांनी हा प्रश्न लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. सोसायटीचे अध्यक्ष होते सर हम्फ्री डेव्ही. खाणकामगारांचा सुरक्षित दिवा ज्यांनी बनवला, तेच. प्रयोगांत त्यांच्या मदतीला होते मायकेल फॅरेडे.

डेव्हींनी विचार केला तो असा. दोन वेगवेगळे धातू घ्या, ते एकमेकांना टेकवा आणि खाऱ्या पाण्यात बुडवा. झाली बॅटरी तयार. यातला जो धातू जास्त क्रियाशील, तो विरघळत जातो आणि दुसरा वाचतो. ‘अलार्म’वर लोखंड विरघळलं आणि तांबं वाचलं, ते यामुळेच. मग हाच तोटा मुद्दाम वापरला तर? तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडायचा. तो झिजेल, तांबं टिकेल. जानेवारी १८२४ मध्ये त्यांनी सोसायटीपुढे निबंध वाचला. मटाराच्या दाण्याएवढं जस्त किंवा लहानशा खिळ्याचं टोक ४० ते ५० चौरस इंच तांब्याला पुरतं, असं त्यांना आढळलं होतं. मग पोर्ट्समथ बंदरात भरतीच्या वाहत्या पाण्यात पत्रे ठेवून त्यांनी प्रमाणही काढलं. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या भागाइतका रक्षक धातू असेल तर तांबं झिजत नव्हतं. त्याहून बराच कमी असेल तर थोडं झिजत होतं.

आता आपलं जहाज येतं. त्याचं नाव ‘समारंग’. कोचीनच्या गोदीत बांधलेलं, १८२२ मध्ये पाण्यात उतरलेलं. त्या काळात हिंदुस्थानी सागवानाला आरमारात मोठी किंमत होती. मुंबईच्या वाडिया कारागिरांनी बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. याचंही एक कारण गंजाशी जोडलेलं आहे. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागवानात तो त्रास खूपच कमी. तर ‘समारंग’च्या तळाचं तांबंही हिंदुस्थानातच चढवलेलं होतं. १८२४ मध्ये त्यावर लोखंडाचे ठोकळे बसवले, तांब्याच्या साधारण ऐंशीव्या भागाइतके, आणि जहाज नोव्हा स्कोशियाला पाठवलं. १८२५च्या सुरुवातीला ते परतलं तेव्हा तांबं उत्तम स्थितीत होतं. डेव्हींचं गणित खरं ठरलं होतं.

पण ठोकळे बसवलेली इतर जहाजं परतू लागली आणि वेगळीच तक्रार पुढे आली. तांबं शाबूत होतं, पण तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचं रान माजलं होतं. तांबं हळूहळू विरघळत असे, त्याच्या विषारी क्षारांमुळे समुद्री जीव तळाला चिकटत नसत. डेव्हींनी झीज थांबवली आणि तिच्याबरोबर ते विषही थांबलं. उलट सुरक्षित तांब्यावर चुन्यासारखा थर जमू लागला आणि जीवांना बसायला छान जागा मिळाली. १८२५ मध्येच आरमाराने ठोकळे काढून टाकायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी डेव्हींची टिंगल केली. १८२९ मध्ये जिनिव्हात ते वारले.

डेव्हींचं शास्त्र चुकलं नव्हतं, हे लक्षात घ्या. त्यांना विचारला गेलेला प्रश्नच अपुरा होता. ‘तांबं कसं टिकेल?’ असं सगळ्यांनी विचारलं. ‘तांबं झिजतं त्यातून आपल्याला काय मिळतं?’ हे कोणी विचारलं नाही.

लोखंडी जहाजं आली आणि ठोकळा परत आला. लोखंडाच्या गंजाने कुठलाच जीव दूर राहत नाही, त्यामुळे तो थांबवण्यात काही गमवायचं नव्हतं. डेव्हींचे चुलत बंधू एडमंड डेव्ही यांनी १८२९ मध्येच समुद्रातल्या बोयांच्या लोखंडी भागांवर जस्त लावून पाहिलं होतं. आज पुष्कळ पोलादी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे असतात. तुमच्या घरातही हा प्रकार आहे. साठवणीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो झिजतो म्हणून टाकी टिकते. जी.आय. पाइपवरचा जस्ताचा मुलामाही असाच. त्यावर ओरखडा गेला तरी शेजारचं जस्त स्वतः झिजून लोखंड सांभाळतं.

मग हाच ठोकळा मैलापाण्याच्या टाकीत टाकला की झालं? इथे डेव्हींच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कामाला येतो.

आधी ही टाकी आली कुठून ते पाहू. शिडांच्या जहाजांवर खलाशांची शौचालयं पुढच्या टोकाला असत आणि सगळं सरळ समुद्रात जाई. साठवायचा प्रश्नच नव्हता. विसाव्या शतकात कायदे आले. सागरी प्रदूषणाच्या ‘मारपोल’ करारातलं मैलापाण्याचं परिशिष्ट २७ सप्टेंबर २००३ पासून लागू झालं. प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणून तोवर ते साठवायचं. समुद्र वाचवण्यासाठी आपण घाण लोखंडात कोंडली.

कोंडलेल्या घाणीत काय घडतं, याचा शोध हॉलंडमध्ये लागला. १८९५ मध्ये डेल्फ्टच्या बायरिंक यांनी असे जिवाणू वेगळे केले, जे प्राणवायूशिवाय जगतात आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हाच तो सडक्या अंड्यासारखा वास. हे जिवाणू लोखंड गंजवतात, हे १९३४ मध्ये डच संशोधकांनीच दाखवून दिलं. आता शौचालय समुद्राच्या पाण्याने धुतलं तर काय होईल? त्या पाण्यात लिटरमागे साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. म्हणजे आपणच जिवाणूंना जेवण वाढतो.

तळाशी गाळाखाली लोखंडाला खड्डे पडतात. ‘स्टेनलेस’ही सुटत नाही. त्याच्यावरचा रक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो. गाळाखाली तो नाही आणि मीठ मात्र भरपूर. बहुतेकदा पहिलं भोक वेल्डिंगच्या सांध्याजवळ पडतं. वर छताला दुसरंच संकट असतं. वायू वर जातो, छतावरच्या ओलाव्यात दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल बनवतात. मेलबर्नच्या गटारांचं काँक्रीट असंच खाल्लं जातं, हे १९४५ मध्ये पार्कर यांनी दाखवलं होतं.

जस्ताचा ठोकळा काम करतो तो पाण्यात बुडालेला असेपर्यंतच. टाकी रिकामी झाली की तो निकामी. छताला तो कधीच वाचवू शकत नाही. गाळाने माखला तरी मंदावतो. म्हणून इथे एका उपायावर भागत नाही. आतून छतासकट इपॉक्सीचा अखंड लेप हवा, आणि लेपाला कुठे चीर गेलीच तर बुडालेल्या भागापुरता ठोकळा मदतीला हवा. पितळी जोडणी थेट पोलादावर बसवू नये, मध्ये प्लास्टिकची चकती घालावी. ‘अलार्म’वरचा तपकिरी कागद आठवला ना? शक्य तिथे गोड्या पाण्याने धुवावं. हवेची नळी रुंद ठेवावी, म्हणजे त्या जिवाणूंना कोंदट जागा मिळणार नाही आणि वासही कमी होईल. आणि नवी टाकी घेताना लहान बोटीवाल्यांनी प्लास्टिकचाच विचार करावा, कारण प्लास्टिक गंजत नाही.

हा प्रश्न निव्वळ देखभालीचा नाही. टाकी फुटली तर घाण बोटीच्या पोटात पसरते. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस मरतो. त्यामुळे हवा तपासल्याशिवाय अशा टाकीत कोणीही उतरू नये, वरून मित्र बेशुद्ध पडलेला दिसला तरीही.

गंज पूर्णपणे थांबवणं आपल्या हातात नसतं. तो कुठे व्हावा आणि कुणाच्या वाट्याला जावा, एवढं ठरवता येतं. डेव्हींनी हे पहिल्यांदा दाखवलं. आणि प्रत्येक संरक्षणाची एक किंमत असते आणि एक हद्द असते, हे त्यांच्या अपयशाने दाखवलं. कोचीनच्या त्या जहाजाने दोन शतकांपूर्वी शिकवलेला धडा आजही बोटीच्या सगळ्यात दुर्लक्षित कोपऱ्यात उपयोगी पडतो.

तुमच्या गीझरमधला दांडा शेवटचा कधी पाहिला होता, तेवढं एकदा आठवून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.