अजिंठ्याचे ‘राशिचक्र’ : भित्तिचित्रांचे जतन, प्रतिकृती आणि अर्थाचा प्रश्न

प्रस्तावना :

भित्तिचित्र भिंतीपासून सहजी अलग करता येत नाही. त्याची प्रतिकृती मात्र कोठेही नेता येते. युरोपातील प्रबोधनकालीन राशिचित्रे आज साफसफाई व डागडुजीनंतर छापील स्वरूपात घराच्या भिंतीवर लावता येतात. अजिंठ्याची चित्रेही भित्तिपत्रके आणि संगणकीय छपाई यांद्वारे कार्यालयांत, उपाहारगृहांत व महाविद्यालयांत पोहोचली आहेत. चित्राचा असा प्रसार होत असताना त्याच्या अर्थाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात लेणे क्रमांक १७ मधील एका चित्राच्या आधारे केला आहे.

‘राशिचक्रा’चे लेणे :

लेणे क्रमांक १७ हे इ. स. च्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून वाकाटक सम्राट हरिषेण याच्या एका मांडलिकाने ते खोदविल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. या लेण्याच्या ओसरीत एका मोठ्या चक्राचे चित्र होते. त्याचा काही भागच आता शिल्लक आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी हे वर्तुळ व त्यातील कप्पे पाहून त्यास राशिचक्र मानले आणि या लेण्यास ‘झोडिअ‍ॅक केव्ह’ असे नाव दिले. १८९० च्या दशकात वॅडेल यांनी तिबेटातील चित्रांशी तुलना करून हे भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे बौद्ध चित्र असल्याचे दाखवून दिले. नाव चुकीचे ठरले तरी ते जुन्या ग्रंथांतून दीर्घकाळ टिकून राहिले.

‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात विहाराच्या प्रवेशद्वाराच्या दालनात असे चक्र काढावे, असा निर्देश आढळतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी, असेही त्यात सांगितले आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. चित्र, त्याची जागा आणि त्याचा विवेचक या तिन्ही गोष्टी मिळून ते चित्र पूर्ण होत होते.

फेर्राराची भिंत व भारतीय राशिविचार :

इटलीतील फेर्रारा येथील स्किफानोया प्रासादात बारा महिन्यांचे दालन आहे. बोर्सो द’एस्ते याच्यासाठी १४७० च्या सुमारास ते रंगविण्यात आले. पुढे या भिंतींवर चुन्याचा हात फिरला. १८४० च्या सुमारास तो काढल्यावर काही महिन्यांची चित्रे पुन्हा उजेडात आली. उर्वरित बहुतांशी नष्ट झाली होती. या चित्रांतील राशींच्या पट्ट्यात काही अपरिचित आकृती होत्या. कलेतिहासकार आबी वारबुर्ग यांनी १९१२ मध्ये रोम येथील व्याख्यानात त्यांचा उलगडा केला. मेष राशीच्या पहिल्या तृतीयांशाचा अधिपती असलेला, कमरेस पांढरे वस्त्र गुंडाळलेला कृष्णवर्णी पुरुष हा वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ ग्रंथातील द्रेष्काणवर्णनातून आला असून, नवव्या शतकातील अबू माशर याच्या अरबी ग्रंथाद्वारे तो युरोपात पोहोचला, असे त्यांनी दाखविले.

यावरून एक विसंगती ध्यानात येते. अजिंठ्यात राशिचक्र नसताना युरोपीयांनी ते तेथे पाहिले. फेर्रारात मात्र भारतीय राशिविचार प्रत्यक्ष भिंतीवर असूनही कित्येक शतके कोणास ओळखू आला नाही. दोन्ही ठिकाणी चित्र डोळ्यांसमोर होते, परंतु त्याचा अर्थ सांगणारी परंपरा खंडित झाली होती.

जतन आणि प्रतिकृती :

१८१९ नंतर अजिंठ्याची चित्रे प्रसिद्धीस आली. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या अनेक प्रतींची साउथ केन्सिंग्टन येथे १८८५ मध्ये तीच गत झाली. लेडी हेरिंगहॅम यांच्या १९०९ ते १९११ मधील कार्यात नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासह हैदराबादचे सय्यद अहमद हेही सहभागी होते.

त्या काळी अजिंठा हे बीडप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी होते. संस्थानने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओरसिनी या तज्ज्ञांना पाचारण केले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला; तथापि चित्रांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळसर व काळपट झाला. त्यापूर्वीच्या प्रतिकृतिकारांनीही वार्निश वापरले होते. हे थर उतरविण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावरील ‘फ्रेस्को’ नसून सुक्या गिलाव्यावर, डिंकासारख्या बंधकात रंग कालवून काढलेली आहेत. ‘झोडिअ‍ॅक’प्रमाणे ‘फ्रेस्को’ हाही येथे उसनाच शब्द आहे.

अलीकडे नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे संगणकीय पुनर्स्थापन हाती घेतले. मूळ भिंतीस हात न लावता हरवलेला भाग पडद्यावर पूर्ण करता येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. परंतु छापील प्रतीत मूळ रेषा कोणती व पूरक रेषा कोणती, हे पाहणाऱ्यास सहसा कळत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने :

वडवणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून अजिंठा अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. येथील अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने छापील चित्र हेच अजिंठा ठरते. त्यामुळे ते चित्र कोणत्या स्थितीतील आहे, हे सांगण्याची जबाबदारी महाविद्यालयावर येते. विभागातील प्रत्येक प्रतिकृतीखाली लेण्याचा क्रमांक, भिंतीची जागा, प्रत कोणी व केव्हा केली, आणि कोणता भाग नंतर भरला, एवढी चार माहितीपर वाक्ये मराठीत लिहिणे अल्पखर्चात शक्य आहे.

निष्कर्ष :

१. लेणे क्रमांक १७ मधील चक्र हे राशिचक्र नसून भवचक्र आहे. चुकीचे नाव मात्र संशोधनानंतरही टिकून राहते.

२. भारतीय राशिविचाराचा चित्ररूप ठसा फेर्रारात आढळतो. तो ओळखण्यासाठी संस्कृत व अरबी ग्रंथपरंपरेचा आधार घ्यावा लागला.

३. प्रतिकृती नाशवंत असल्या तरी आवश्यक आहेत. कारण मूळ चित्रेही झिजत आहेत.

४. विवेचनाविना लावलेली प्रतिकृती केवळ शोभेची वस्तू ठरते. ओसरीतील भिक्षूचे काम आज इतिहासाच्या अध्यापकाने करावयाचे आहे.